ड्रेसर मामा, तुमचं थर्मामीटर आमच्याकडेच आहे

तीर्थस्वरूप ड्रेसर मामांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवणार आहे. त्याला तसं बजावून ठेवलंय. मध्येच उठून गोठ्याकडे जाऊ नका. तोंडावर आभार मानायला दोनदा आले, तर एकदा तुम्ही पावसाचं काढलंत आणि एकदा कापसाच्या भावाचं. म्हणून आता लिहून, आणि चारचौघांसमोर.

चारचौघांना तुम्ही कोण ते सांगायला हवं. मामा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. कागदावर त्या हुद्द्याला व्रणोपचारक म्हणतात, गावात कुणाच्या जिभेला तो शब्द वळत नाही. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कुणाची गाय अडली की माणूस आधी त्यांच्या दारात जातो. आणि चिंगी म्हणजे आमची कुत्री. सात वर्षांची, गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला.

चूक आमची होती, तीच आधी सांगते. मे महिना, पारा ४२ च्या वर, टँकर दोन दिवसांआड. अशात चिंगी पाण्यापासून हलेना. दारातली दगडी डोण भरली की तासाभरात रिकामी. आई म्हणायची, "उन्हाचं पियालंय लेकरू, पिऊ दे." मी तर कौतुकानं अजून एक तांब्या ओतायचे. रात्री ती चार-चारदा अंगणात जायला उठायची, तेही आम्ही पाण्याच्याच खात्यावर टाकलं. मग तिनं भाकरी सोडली. तालुक्याला एका ठिकाणी नेलं, तिथं ऊन लागलंय म्हणून सलाइन लावून परत पाठवलं. दोन दिवसांत पोट टम्म झालं आणि गल्लीत बोलबाला, चिंगी गाभण आहे म्हणून. शेजारच्या काकूंनी एक पिल्लू बुकसुद्धा करून ठेवलं.

त्या सकाळी तुम्ही सायकलवरून चालला होतात. एक पाय ओट्याला टेकवून उभ्याउभ्या विचारलंत, "माजावर कधी आली होती?"

आजी, आई, मी, तिघी गप्प. आमच्या घरात असलं काही पुरुषमाणसासमोर बोलत नाहीत, मग ते कुत्रीचं का असेना. तुम्ही परत विचारलंत, पेरणी कधी केली असं विचारावं त्या आवाजात. मी म्हणाले, पाडव्याच्या आसपास. तुम्ही बोटांवर आठवडे मोजलेत. सहा. मग सायकल स्टँडला लावलीत, चिंगीचा ओठ वर करून हिरड्या बघितल्यात आणि म्हणालात, "गाभण नाही ही. पिशवीत पू झालाय. उद्यावर टाकू नका, आत्ता परभणीला न्या."

बाबांनी पिकअप बघितली. ओलं बारदान खाली, चिंगी त्यावर, मी तिच्या उशाला. पुढं ड्रायव्हरशेजारी बसून तुम्ही वाटभर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचीच गोष्ट सांगत होतात. ७२ च्या दुष्काळाच्या सालातलं ते कॉलेज, आधी कृषी विद्यापीठात होतं, नंतर नागपूरच्या विद्यापीठाकडं गेलं. मला त्या वेळी राग येत होता. मागं जनावर मरायलंय आणि ह्यांना इतिहास सुचतोय. नंतर कळलं, ड्रायव्हरनं जांभई दिलेली तुम्ही बघितली होती. लग्नाच्या वऱ्हाडाचं जागरण होतं त्याला.

सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं जे तुम्ही ओट्यावरून सांगितलं होतं. माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत, पिशवी न काढलेल्या आणि वय झालेल्या कुत्र्यांना हे होतं. चिंगीच्या पिशवीचं तोंड बंद होतं म्हणून पू बाहेर दिसला नाही, सगळं विष आतल्या आत. त्या विषानं मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. जेवढं पितील तेवढं वाहून जातं, म्हणून परत पितात. म्हणजे मी कौतुकानं ओतलेले ते तांब्ये उन्हाचे नव्हतेच.

आधी सलाइन, दुपारी ऑपरेशन. अंडाशयासकट पिशवी काढली. डॉक्टरांनी ट्रे दाखवला तेव्हा बाबा बाहेर निघून गेले. दोन नळ्या, एकेक दुधी भोपळ्याएवढी. तुम्ही मात्र वाकून बघितलंत. "गाईला बी आत दोन शिंगंच असतात," म्हणालात, आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीत. येताना चारठाण्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा तोंड उघडलंत. एवढ्या नोकरीत पोट फुगलेली कुत्री दवाखान्यात कुणी आणलीच नाही. गावात दर उन्हाळ्यात दोन-तीन कुत्र्या अशा पाणी पीतपीत गेल्या. "आम्ही ऊन लागलं म्हणायचो आणि बाभळीखाली पुरून यायचो." मामा, त्या दिवशी तुम्ही चहा अर्धा ठेवलात. मी बघितलं.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. खरी गंमत तिथून पुढं.

सगळ्या घरानं मिळून चिंगीसाठी कूलर ओढत आणला होता. त्यात थंड पाणी, समोर गोधडी. केवढी माया! चिंगीला ठेवलं आणि ती थरथरायला लागली. आई रडायला लागली, आता काही खरं नाही म्हणून. तुम्ही कूलरचा प्लग काढलात आणि माझा हात धरून तिच्या कानाला लावलात, मग पंजाला. बर्फ. "भूल पुरती उतरेस्तोवर जनावराला अंगात ऊब धरता येत नाही. घोंगडं आणा." मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, आम्ही सगळे घामानं निथळत आणि मध्ये चिंगी आजोबांच्या घोंगड्यात. गल्लीतली पोरं खिडकीतून हसत होती. बारा वाजता कान कोमट झाले. तेव्हा तुम्ही घोंगडं काढायला लावलंत, आणि दुसऱ्या दुपारी तोच कूलर लावायलाही तुम्हीच सांगितलंत, फक्त झोत अंगावर नको, दाराला ओलं बारदान आणि झोत त्यावर. बारदान ओलं, जमीन कोरडी, हे तुम्ही आईला तीनदा सांगितलंत. टाक्यांना ओल चालत नाही.

डॉक्टरांनी पाच दिवसांची इंजेक्शनं लिहून दिली होती. ती टोचायला तुम्ही रोज सकाळी यायचात, हे सगळ्या गल्लीला दिसलं. जे दिसलं नाही ते मला सांगायचंय. तुम्ही दहा मिनिटांत सुई टोचायचात आणि पुढचा तासभर आमचे हात धरून ठेवायचात. कारण आमच्यातल्या प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. आजीनं वाटीत हळद-तूप कालवलं होतं, टाक्यांवर लावायला. तुम्ही वाटी तिच्या हातातून घेतलीत. "आक्का, हळद भाजीत घाला. परभणीवाल्यांनी शिवलंय ते सुटंल." शेजारच्या काकूंनी (त्याच, पिल्लूवाल्या) अंगदुखीची स्वतःची गोळी आणली, अर्धी करून. ती तुम्ही सरळ खिशात घातलीत. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात, आणि हिची मूत्रपिंडं आत्ता कुठं सुटलीत, हे काकूंना तुम्ही इतक्या गोडीनं सांगितलंत की त्या आता गावभर तेच सांगत फिरतात. मी ओल्या फडक्यानं चिंगीचं अंग पुसायला घेतलं तर मलाही तेच: "हात लावू नको. बघ."

काय बघायचं त्यासाठी माझी जुनी फुलस्केप वही घ्यायला लावलीत. वेळ, पाणी किती, लघवी, शी, खाणं, ताप. तुमचं थर्मामीटर तुम्ही रिटायर होताना घरी आणलेलं, काचेचं, पाऱ्याचं. व्हॅसलीन लावून, शेपटी उचलून. पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की तुम्ही म्हणालात, "ताप हिचा मोजायलीस का तुझा?" १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे कुत्र्याला ताप नाही, हे आता मला झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या वहीतलं दुसऱ्या दिवसाचं पान आत्ता समोर आहे. "पहाटे ५. लघवी, अंगणात, चादरीचा झोळ पोटाखाली धरून. ७. ताप १०२. हिरडी दाबली, रंग लगेच परत. ८. इंजेक्शन. ९. अंडं नको. ११. अंडं नको. १. मामांच्या हातून भात-चिकन, चार घास." खाली तुमचं अक्षर आहे: "शीची घाई नको. तीनचार दिवस लागतात."

चार घास तुमच्या हातून, याचं सगळ्यांना नवल वाटलं. गेली सहा वर्षं रेबीजची सुई तुम्हीच देताय, त्यामुळं तुमच्या सायकलची चेन वाजली की चिंगी बाजेखाली जाते आणि तिथून गुरगुरते. त्या दिवशी ती गुरगुरली नाही. तुम्हाला ते आवडलं नव्हतं. तेव्हा मला कळलं नाही.

गळ्यातलं प्लॅस्टिकचं नरसाळं तिनं दाराला आपटून पहिल्याच रात्री फोडलं. मग तुम्ही भावाचा जुना सुती बनियन मागवलात, पुढचे पाय बाह्यांतून काढलेत आणि पाठीवर गाठ मारलीत. शी-शूला न्यायचं तर गाठ वर सरकवायची. दहा नंबरचा बनियन होता, क्रिकेटचा. गल्लीनं तिचं नाव सचिन ठेवलं. चाटणं मात्र थांबलं.

चौथ्या दिवशी टाक्यांशेजारी लिंबाएवढी गाठ आली. मी रात्री अकराला तुमचं दार वाजवलं, तुम्ही बनियनवरच आलात. बॅटरीच्या उजेडात बोटानं बाजूला दाबलंत, बोट स्वतःच्या नाकाला लावलंत आणि मग माझ्या. वास नव्हता. "गरम लागतंय का? नाही. लाल आहे का? नाही. आत पाणी धरलंय, जिरंल." मी सुटकेचा श्वास टाकला तर म्हणालात, "तरी फोटो काढ आणि डॉक्टरला पाठीव. मी ड्रेसर आहे, डॉक्टर नाही." सकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं, तेच. ते वाचून दाखवल्यावर तुम्ही नुसती सुपारी कातरत राहिलात.

इंजेक्शनं पाचव्या दिवशी संपली. तरी तुम्ही येतच होतात, काही ना काही निमित्त काढून. आठव्या दिवशी चेन वाजली, आणि बाजेखालून आवाज आला. गुर्र्र. दात दाखवून, बनियनसकट. तुम्ही दारातच थांबलात. एवढे मोकळे हसताना तुम्हाला मी आधी कधी बघितलं नव्हतं. "झाली बरी," म्हणालात. "उद्यापासून मी येत नाही." आणि खरंच आला नाहीत. बाराव्या दिवशी टाके काढायला परभणीला आम्ही एकटेच गेलो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाबांनी पाकीट पुढं केलं तर म्हणालात, गोठ्यावरचा पत्रा बसवायला एक दिवस या. बाबा जाऊन आलेत, त्यामुळं ते फिटलं असं तुम्ही धरून चाललाय. धरा.

पाण्याचं मात्र मी आता मोजते. डोणीला आतून खडूनं खूण केलीय. आणि मळ्यातल्या काळ्या कुत्रीचं पोट मला परवा जरा वेगळं वाटलं, माज कधी होता ते कुणाला सांगता येईना. एकदा येऊन बघा.

थर्मामीटर धुऊन, कापसात गुंडाळून, दिवळीत ठेवलंय. मीच आणून देणार होते, पण तुम्हीच या घ्यायला. चिंगी आत्ता ओट्यावर बसलीय. अंगावर भुंकेल, ते गृहीत धरून या.

तुमची,
शेवटच्या घरातली पोर