दोन वैमानिकांची निवडणूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धात पराक्रम गाजवलेल्या माणसाने निवडणूक लढवावी का, यावर वाद घालणाऱ्यांनी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याचे माजी गव्हर्नर जो फॉस यांची कारकीर्द जरूर पाहावी, आणि त्यातही त्यांचा पराभव.

लढाऊ विमानासाठी वय जास्त म्हणून मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाने फॉस यांना आधी हवाई छायाचित्रणाकडे पाठवले होते. पुढे याच फॉस यांनी ऑक्टोबर १९४२ ते जानेवारी १९४३ या काळात पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटाच्या आकाशात ‘वाइल्डकॅट’ विमानातून जपानची २६ विमाने पाडून पहिल्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिक एडी रिकेनबॅकर यांच्या विक्रमाची बरोबरी केली आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. एवढी कीर्ती पाठीशी असूनही ते आधी राज्याच्या विधिमंडळात बसले, तेथील एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलाच्या उभारणीत राबले, आणि त्यानंतरच १९५५मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर झाले. मुदत तेव्हा दोनच वर्षांची होती. ते पुन्हा निवडूनही आले.

१९५८मध्ये मात्र काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत त्यांची गाठ डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याशी पडली. मॅकगव्हर्न हेही वैमानिक. इटलीतील तळावरून ‘बी-२४’ बॉम्बरच्या ३५ मोहिमा केलेले, ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ या शौर्यपदकाचे मानकरी. दोघांच्याही छातीवर पदके असल्याने पराक्रमाचा प्रश्न आपोआप निकाली निघाला आणि उरला तो शेतमालाच्या भावाचा. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे कृषिमंत्री बेन्सन शेतकऱ्यांत कमालीचे अप्रिय होते, आणि त्यांच्या धोरणाचे ओझे फॉस यांच्या पक्षाच्या माथी होते. उलट मॅकगव्हर्न यांनी गावोगाव हिंडून राज्यात आपला पक्ष जवळजवळ शून्यातून उभा केला होता. फॉस हरले, आणि त्यात मतदारांची कृतघ्नता शोधणे मला अन्यायाचे वाटते.

याच मॅकगव्हर्न यांना १९७२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे, दुबळे ठरवण्यात आले. आपल्या युद्धसेवेचा त्यांनी फारसा गवगवा केला नाही, आणि ते हरले, अगदी त्यांचे स्वतःचे साउथ डकोटाही त्यांच्या हातून गेले. गवगवा केला असता तर निकाल फिरला असता, असे मात्र मला वाटत नाही.

आपला,
एक वाचक