सैतान सोडा, सोवळं तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘फ्रीमेसन : एक गुप्त पंथ’ या विषयावर पानभर मजकूर आला आहे. लेखकाच्या म्हणण्यानुसार ही मंडळी जगाची सूत्रं हलवतात, सैतानाची उपासना करतात आणि अमेरिकन डॉलरवरचा पिरॅमिड व डोळा ही त्यांचीच खूण. माझी हयात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून गेली. त्या पानावरच्या चित्रांतलं निम्मं सामान ओळखीचं निघालं, म्हणून हे पत्र.

चित्राखाली ‘गूढ त्रिकोण’ असं छापलं आहे, तो काटकोन तपासायचा साधा गुण्या आहे हो! त्याच्यावर पाय फाकून उभा आहे तो कंपास. बाजूला लोंबतोय तो ओळंबा. मेसन म्हणजे गवंडी. या मेसनांच्या तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला हत्यारं नेमून दिलेली असतात. इंग्लंडमधल्या रिवाजात शिकाऊ माणसाला चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. दुसऱ्या पायरीवर गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. तिसरीवर आखणीची दोरी, पेन्सिल आणि कंपास. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यात प्रार्थना, काम आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणं बसवायचं. छिन्नी म्हणजे शिक्षण, ओळंबा म्हणजे सरळ वागणं, पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर. त्यांच्या सभागृहात दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून आला तसा ओबडधोबड आणि दुसरा घडवलेला.

हा दुसरा दगड घडतो कसा ते मी खूपदा पाहिलंय. आमच्याकडे वडार पाथरवट काळ्या दगडाचा चिरा घडवायचे तेव्हा मिस्त्री कोपऱ्याला गुण्या लावायचा, गुडघ्यावर बसून डोळा दगडाच्या पातळीत आणायचा आणि पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की एक शब्द न बोलता दगड परत ढकलायचा. पाथरवटही वाद घालायचा नाही, पुन्हा टाकी उचलायचा. माणसाच्या स्वभावाला असा गुण्या लावायची कल्पना ज्याला सुचली त्याने हे काम जवळून पाहिलं असणार.

आणि ते खरंच पाथरवटांमधूनच आलंय. स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ साली गवंड्यांच्या लॉजसाठी, म्हणजे शाखांसाठी, लेखी नियम केले. तिथल्या लॉजची इतिवृत्तं १५९९ पासूनची आजही शाबूत आहेत. कारागीर कामाच्या शोधात गावोगाव फिरायचे. परक्या गावात समोर उभा राहिलेला माणूस खरोखर काम शिकलेला आहे की नुसता बोलबच्चन, हे ओळखायचं कसं? दाखला नाही, ओळखपत्र नाही. मग शिकलेल्यालाच ठाऊक असणारा एक शब्द आणि हात मिळवायची एक रीत. त्या गाजलेल्या हस्तांदोलनामागे पोटाचा प्रश्न होता. पुढे हौशी लोक शिरले. १६४६ मध्ये वॉरिंग्टन इथे इलायस ॲशमोल याने दीक्षा घेतली. हा जुन्या वस्तू आणि ग्रंथ जमवणारा विद्वान, छिन्नीशी त्याचा काय संबंध! २४ जून १७१७ रोजी लंडनच्या एका मद्यगृहात चार लॉज एकत्र आल्या आणि त्यांच्यावरची ग्रँड लॉज झाली, अशी त्यांची परंपरा सांगते. १७२३ साली नियमांचं पुस्तक छापलं गेलं. तोवर खरे गवंडी बहुतेक बाजूला पडले होते आणि गवंड्याचा ॲप्रन उमरावांच्या कमरेला आला होता.

आता गुप्तपणाचं. १७३० साली सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने त्यांचे सगळे विधी, प्रश्नोत्तरांसकट, छापून लंडनच्या बाजारात विकायला काढले. म्हणजे फुटून तीनशे वर्षं होत आलेलं हे गुपित. आणखी एक गंमत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने इंग्लंडमध्ये १७९९ साली बेकायदा संघटनांविरुद्ध कायदा झाला. मेसनांना त्यातून सूट मिळाली, पण दर वर्षी सभासदांची यादी सरकारदरबारी जमा करायच्या अटीवर. तो कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता. सरकारला नाव-गाव-धंदा कळवणारी ‘गुप्त’ संघटना! मुंबईत फोर्टमध्ये, स्टर्लिंग टॉकीजच्या जवळ, त्यांचा हॉल आहे. फ्रीमेसन्स हॉल म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे.

सैतानाची गोष्ट कुठून आली तेही लेखकाने पाहायला हवं होतं. लिओ टॅक्सिल या टोपणनावाच्या फ्रेंच लेखकाने १८८५ पासून मेसनांच्या सैतानपूजेबद्दल पुस्तकांमागून पुस्तकं काढली. त्याने डायना व्हॉन नावाची एक बाईही उभी केली, त्या सैतानपूजकांतून सुटून आलेली म्हणे. पोपही टॅक्सिलला भेटले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधल्या भूगोल सोसायटीच्या सभागृहात डायनाला बघायला गर्दी जमली. आधी एका टाइपरायटरची सोडत झाली, मग टॅक्सिल उठला आणि म्हणाला की बारा वर्षं मी तुम्हा सगळ्यांची थट्टा करत होतो. डायना त्याची टायपिस्ट होती. ती थाप अजून चालू आहे, आता आपल्या पुरवणीतही आली. डॉलरचं म्हणाल तर तो पिरॅमिड आणि डोळा १७८२ च्या राष्ट्रमुद्रेतले. मुद्रेसाठी नेमलेल्यांपैकी नक्की मेसन असलेला एकच, बेंजामिन फ्रँकलिन. त्याने सुचवलेलं चित्र तर घेतलंच नाही.

खरी गुप्त संस्था कशी असते ते आम्हा नाशिककरांना विचारा. १९०० साली तिळभांडेश्वराच्या बोळात मित्रमेळा सुरू झाला, १९०४ मध्ये त्यातून ‘अभिनव भारत’ उभी राहिली. नमुना होता इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याच्या ‘यंग इटली’चा. मॅझिनी त्याआधी कार्बोनारी या इटलीतल्या गुप्त संघटनेत होता. कार्बोनारी म्हणजे कोळसेवाले. त्यांच्या पायऱ्या, शपथा आणि खुणा मेसनांच्याच धर्तीवर बेतलेल्या, फक्त गवंड्याच्या हत्यारांऐवजी कोळशाची भट्टी. अशी ही रीत पाथरवटाकडून कोळसेवाल्याकडे आणि तिथून गोदाकाठी आली. पण इथे शपथ मोडली तर जीव जाणार होता. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. ही मंडळी यादी कुणाला देत नव्हती.

तेव्हा सैतान, डॉलर सोडा. हिंदुस्थानातल्या मेसनांबद्दल विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. दारात कोण अडलं? पाणसळ हे ज्यांचं चिन्ह, त्यांच्या पंक्तीला कोण बसू शकत होतं?

मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या लॉजने घेतलं नाही. ते युरोपात गेले आणि पॅरिसला दीक्षा घेऊन आले. मुंबईतल्या साहेबांची पंचाईत झाली, कारण आता हा माणूस त्यांचा ‘बंधू’ होता. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स पुढे झाला. हा भूजच्या रेसिडेन्सीत डॉक्टर राहिलेला स्कॉट, काबूलमध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ. त्याने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज एतद्देशीयांसाठी काढली. पारशी आणि मुसलमान चालले. हिंदूंचं घोडं अडलं, कारण अनेक देव मानणाऱ्याची शपथ कुठल्या देवाच्या नावाने धरायची हा पेच! कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला, तिथल्या मेसनांच्या प्रमुखाने अडवला, प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि दीक्षा मिळाली १८७२ मध्ये. नऊ वर्षं! मुंबईत पुढे सायरस, इस्लाम, आर्यन अशा लॉज निघाल्या. नावं पाहूनच कळतं की दार उघडलं तरी पंगती निराळ्याच राहिल्या.

सोवळं एकट्या साहेबाचंच होतं असंही नाही. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक किपलिंग १८८६ मध्ये लाहोरला मेसन झाला, तेही वय भरलेलं नसताना. त्याने आपल्या लॉजवर पद्य लिहिलंय. त्यात हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती सगळे एका खोलीत बसतात, पण मेजवानी घालायची सोय नाही, कारण कुणाची तरी जात बाटेल. मेसनांच्या बंधुभावाची परीक्षा आपल्याकडे जेवणाच्या पाटावरच झाली. आणि ज्याची छिन्नी त्यांनी उचलली त्या पाथरवटाला तर ती फी, तो पोशाख आणि त्या मेजवान्या परवडायच्याच नव्हत्या.

२४ नोव्हेंबर १९६१ ला भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर. आज लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारीशेजारी मांडलेले असतात. हे मला मनापासून आवडतं. पण बायकांना तिथे अजून प्रवेश नाही. ॲनी बेझंट यांनी १९०२ मध्ये पॅरिसला स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या शाखेत दीक्षा घेतली आणि ती शाखा इंग्लंडला आणि इकडेही आणली, मूळ घराण्याने मात्र तिला मानलं नाही. माझी मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे. भिंत गुण्यात आहे की नाही ते ती रोज उन्हात उभं राहून तपासते. तिला जिथे बसायला जागा नाही तिथे मला कुणी बोलावलं तरी मी जायचा नाही.

असं काही छापा. १९ व्या शतकातल्या मुंबईचे व्यापारी, न्यायाधीश, सुधारक या लॉजमध्ये भेटत होते, हा आपल्या इतिहासाचाच भाग आहे. त्यावर मराठीत एखादा नीट लेख आला तर कात्रण जपून ठेवीन.

ता. क. पुढच्या रविवारी ‘इल्युमिनाटी’ असं चौकटीत वाचलं. ती गुप्त संस्था १७७६ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात निघाली आणि १७८४ व १७८५ च्या बंदीहुकमांनी मोडली. तेवढं लेखकाला छपाईच्या आधी कळवावं.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त ओव्हरसियर, नाशिक