व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्यांसाठी एक खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्दमधून (ब्राऊन शुगरच्या नशेतून) येशूने मला बाहेर काढले, हे मी वर्षानुवर्षे उघडपणे सांगत आलो आहे. त्यामुळे वसई-नालासोपाऱ्यातले पालक मुलाला घेऊन माझ्या दारात येतात. हल्ली गर्दपेक्षा एमडी (मेफेड्रोन) घेणारी पोरे जास्त. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठल्या प्रार्थनासभेला नेऊ?’ परवा एक आई सांगत होती, मुलाला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करा, गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे तिला कुणीतरी पढवले होते. म्हणून हे पत्र.

त्या माऊलीला मी सांगितले, गोळ्या बंद करू नका. मी बरा झालो तो कृपा फाउंडेशनच्या वसईतल्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत ही संस्था सुरू केली. फादर जो हे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे व्यसनातून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगासनांची जोड आहे. ‘आम्हाला उमगलेला परमेश्वर’ असे त्या पायऱ्यांत म्हटले आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा माळकरी घरातला होता, तो विठ्ठलाचे नाव घेई. धर्म बदलायला कुणी सांगितले नाही, त्याला नाही आणि कुणालाच नाही.

टर्की, म्हणजे नशा तोडल्यावरचा त्रास, सुरू झाली की माणूस माणसात राहत नाही. नाक वाहते, जांभयांवर जांभया, पोट धरत नाही, आणि हाडांत कुणी गिरमिट फिरवावे तशा कळा. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. त्या रात्री माझ्या उशाशी बसलेला कार्यकर्ता स्वतः गर्दमधून उठलेला होता. मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. तो एका हाताने माझ्यापुढे बादली धरून पुटपुटत होता, ‘नमो मारिया, कृपापूर्णे.’ लहानपणापासून मी ती जपमाळ घरात ऐकली होती. ती कुणासाठी तरी म्हणायची असते, हे मला त्या रात्री कळले. माझा विश्वास तिथून सुरू झाला.

पण खरे काम पुढे होते. पाचव्या पायरीत आपली कृत्ये देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे कबूल करायची असतात. मी वहीत लिहून एका धर्मगुरूंना वाचून दाखवली. आईच्या पाटल्या. वाडीतल्या पंपाची तांब्याची तार, जी भंगारवाल्याला विकली आणि ऐन उन्हाळ्यात बाबांची केळी वाळली. फादरांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘पंपाचे पैसे बाबांना कधी देणार?’ नववी पायरी भरपाईची आहे. पुढे बाबांच्याच वाडीत राबून मी ते फेडले. क्षमा मिळाली म्हणून देणे संपत नाही, हे ज्या विश्वासाने मला शिकवले, त्याच विश्वासाने मी आज उभा आहे.

सर्वांत धोक्याचा काळ केंद्रातून घरी आल्यावर येतो, आणि नेमका तिथेच आपला समाज हात झटकतो. काही महिने क्लीन राहिलेल्याच्या शरीराला गर्दची सवय उरलेली नसते. तो परत घसरला आणि पूर्वीइतकाच माल घेतला, तर जागच्या जागी जाऊ शकतो. अशी तरणीताठी मुले मी मातीआड होताना पाहिली आहेत. त्यांच्या आयांना तोंड कसे दाखवावे कळत नाही. त्या वेळी मुलाला रोज संध्याकाळी बसायला जागा लागते, समोर त्याच वाटेने गेलेली माणसे लागतात. चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) आलेल्या अशा मुलाला पाहून बाकावरची बाई पर्स दुसऱ्या कुशीला घेते, मागून ‘गर्दुल्ला’ ऐकू येते. तो पुन्हा चर्चच्या पायरीवर कशाला येईल?

वसईतल्या सर्व धर्मग्रामांना (चर्चच्या पॅरिशना) माझी विनंती आहे, आणि तीच मंदिरांच्या विश्वस्तांना व समाजमंदिरे चालवणाऱ्या मंडळांना. आठवड्यातून एक संध्याकाळ एनएच्या (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे नशेतून बाहेर पडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) मीटिंगसाठी एक वर्गखोली द्या. मुंबईत अशा मीटिंगा चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांत भरत आल्या आहेत. बाहेरच्या देणग्या एनए घेत नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. खुर्च्या आम्ही मांडू, आम्हीच उचलू. कोण येतो-जातो याची चौकशी मात्र करू नका. ज्यांना आज, आत्ता मदत हवी, त्यांनी १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा, तो निःशुल्क आहे. आमच्या पॅरिश कौन्सिलकडे मी अर्ज दिला आहे. इतर गावांतही कुणीतरी द्यावा, अर्ज कसा लिहायचा हे विचारायला माझ्याकडे खुशाल यावे.

– एक वाचक, वसई
(एनएच्या परंपरेनुसार नाव छापू नये, ही विनंती.)