‘फ्रेंच’ म्हणजे नेमके कुठले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईतल्या जुन्या पुलांवर आलेला लेख आवडला. मात्र त्यातले एक वाक्य दुरुस्त करायला हवे. चर्नी रोड आणि ग्रँट रोड स्टेशनांच्या मधे रुळांवरून जाणारा फ्रेंच ब्रिज ‘फ्रेंच इंजिनिअरांच्या स्मरणार्थ’ असल्याचे लेखकाने म्हटले आहे. या पुलाचा फ्रान्सशी काडीचाही संबंध नाही. कर्नल फ्रेंच नावाचे एक गृहस्थ होते. बी.बी. अँड सी.आय., म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, तिचे ते अध्यक्ष होते. त्यांचे आडनाव पुलाला मिळाले. शेजारच्या केनेडी ब्रिजबद्दल असा घोळ कुणी घालत नाही, कारण केनेडी नावाचा देश नाही.

चूक एवढीच असती तर पोस्टकार्डावर भागले असते. पण ‘फ्रेंच’ हा शब्द आपण इतक्या ठिकाणी इतक्या बिनधास्त वापरतो की तो कुठे देशाचा, कुठे भाषेचा, कुठे माणसाचा आणि कुठे नुसता दुकानदारी शिक्का, हे वर्तमानपत्राने तरी पारखून घ्यावे असे मला वाटते.

खाण्याच्या वस्तूंचे उरकून टाकतो. भाजीवाली जिला फरसबी म्हणते ती फ्रेंच बीन्स मुळात अमेरिका खंडातली. फ्रेंच फ्राइजवर बेल्जियमवाले हक्क सांगतात. उडप्याच्या हॉटेलात त्याला फिंगर चिप्स म्हणतात, आणि मला तेच नाव प्रामाणिक वाटते. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत या बटाट्यांचे नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केले होते. तीन वर्षांनी ते गुपचूप पूर्ववत झाले. राग फ्रान्सवर, शिक्षा बटाट्याला!

फ्रेंच पॉलिशबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या घरात तोच धंदा होता. गिरगावात वडिलांचे फर्निचर पॉलिशचे छोटे दुकान होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी कपड्यातून गाळायची. लाकूड पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत करायचे. मग जुन्या मलमलीच्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून बोळा करायचा, तो लाखेत बुडवून पिळायचा आणि लाकडावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. बोळा अडखळू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब. हात मधेच थांबला की तिथे डाग पडलाच. असे किती हात मारायचे याला हिशेब नसे. लाकडात तोंड दिसू लागले की वडील थांबत. पावसाळ्यात हवा दमट, पॉलिश पांढरे पडे, म्हणून त्या दिवसांत मोठे काम घेत नसत. आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगत, गरम चहाची कपबशी टेबलावर ठेवू नका, गोल उठेल.

आता यात फ्रेंच काय आहे? लाख आपली. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा ती तयार करतो. आजही देशातली बरीचशी लाख झारखंड-छत्तीसगडातून येते, आपल्या गोंदियाकडेही ती पिकते. पांडवांचे लाक्षागृह तिचेच होते. बोळा फिरवायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधून इंग्लंडात रुजली, म्हणून इंग्रजांनी तिला फ्रेंच म्हटले, आणि आपलीच लाख इंग्रजी नाव घेऊन आपल्या सुतारकामात परत आली. फ्रान्समध्ये तिला ‘बोळ्याचे व्हार्निश’ अशा अर्थाचे साधे नाव आहे. वडिलांच्या कारागिरांना यातले काही ठाऊक नव्हते आणि असण्याची गरजही नव्हती. आता सगळीकडे मेलामाइन आणि पीयू ही तयार रासायनिक पॉलिशे चालतात, फवाऱ्याने मारतात, चहाचे गोल उठत नाहीत. दरपत्रकात मात्र ‘फ्रेंच पॉलिश’ लिहिलेले अजून दिसते.

हाच शिक्का पुढे कुठवर गेला ते पाहा. सायकलवाला ट्यूबला लावतो ते फ्रेंच चॉक म्हणजे आपले शंखजिरे. बिल्डरच्या जाहिरातीतली ‘फ्रेंच विंडो’ म्हणजे खरे तर जमिनीपर्यंत उतरलेली, दोन पाखांनी उघडणारी, बाहेर पाऊल टाकता येईल अशी काचेची दारे. आपल्याकडे अॅल्युमिनियमची सरकती काच बसवतात, बाहेर समोरच्या सोसायटीचा जिना दिसतो, आणि दर चौरस फुटाला वाढतो. साहेबाला न सांगता कचेरीतून सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतो. फ्रेंच माणूस त्यालाच ‘इंग्रजी पद्धतीने निसटणे’ म्हणतो. संततिनियमनाच्या एका साधनाबाबतही या दोन शेजाऱ्यांनी असेच एकमेकांचे नाव घेतले आहे. आपले वर्तमानपत्र घरात सगळे वाचतात, तेव्हा तपशील राहू द्या.

थोडक्यात, इंग्रजीतले ‘फ्रेंच’ हे पुष्कळदा इंग्रजांचे मत असते. छानछोकीचे असले तरी फ्रेंच, लाजिरवाणे असले तरी फ्रेंच. आपण ते मत इंग्रजीबरोबर जसेच्या तसे उचलले.

आपल्याकडे या बाबतीत आधीची शिदोरी नव्हती असेही नाही. युरोपातल्या ‘फ्रँक’ या टोळीचे नाव अरब-इराण्यांच्या तोंडी फिरून आपल्यापर्यंत ‘फिरंगी’ होऊन आले. हे फ्रँक मूळचे जर्मन कुळातले, पण फ्रान्सला नाव त्यांचेच मिळाले. मराठी कागदांत मात्र फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज. युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला आपण फिरंग म्हणू लागलो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशासारख्या एका नव्या रोगाला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे आणि त्यावर चोपचिनी ही औषधी मुळी सांगितली आहे. हाच रोग, म्हणजे सिफिलिस, १४९५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाने नेपल्सवर स्वारी केली तेव्हा फैलावला, तर इटलीत त्याला फ्रेंच रोग म्हणाले आणि फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हणून परतफेड केली. खऱ्या फ्रेंचांसाठी आपल्याकडे वेगळा शब्द होता, ‘फरासीस’. शिवकालीन राजनीती सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपी लोकांची, यादी येते, तिथे फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस, डिंगमार (डेन्मार्कचे) असे सगळे निरनिराळे मोजले आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या अमात्यांना हा फरक करता येत होता.

आणि आज आपण काय करतो? महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेवर लेख आला की त्यात ‘फ्रेंच सेनापती डी बॉईन’ ठरलेला. डी बॉईन १७५१ मध्ये चांबेरी गावी जन्मला. ते गाव तेव्हा सॅव्हॉयमध्ये होते आणि सॅव्हॉयवर सार्डिनियाच्या राजाची सत्ता होती. त्याने फ्रान्सची नोकरी केली, पण आयरिश पलटणीत. मग रशियाची, मग मद्रासेत चक्क इंग्रज कंपनीची. १७८४ मध्ये तो महादजींकडे आला. सॅव्हॉय कायमचे फ्रान्सला मिळाले १८६० मध्ये, म्हणजे तो वारल्याला तीस वर्षे झाल्यावर. हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशातून त्याने आपल्या गावाला सढळ हाताने दिले. त्याच्या स्मरणार्थ गावकऱ्यांनी १८३८ मध्ये चार हत्तींचे कारंजे उभारले. चारही हत्ती फक्त पुढून आहेत, मागचा भाग नाहीच, आणि त्यावरून गावात अजून थट्टा चालते. त्याच्या जागी आलेला पेराँ मात्र अस्सल फ्रेंच होता.

हा नुसता कीस पाडणे नव्हे. पेराँच्या हाताखालच्या मुलखाला गव्हर्नर जनरल वेलस्ली ‘यमुनेकाठचे फ्रेंच राज्य’ ठरवत होता. तिथे राज्य शिंद्यांचे, पैसा शिंद्यांचा, शिपाई इथलेच. अधिकाऱ्यांत तर कित्येक इंग्रज आणि अर्धइंग्रज होते. पण नेपोलियनच्या भीतीने झोप उडालेल्या लंडनला ‘फ्रेंच’ हा एक शब्द पुरेसा होता. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज सेनापती लेकने अलीगढ घेतले, आठवडाभरात दिल्लीची लढाई झाली. महादजींच्या मागून गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्याच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या चुका थोड्या नाहीत. तरी एखाद्या राज्यावर परक्याचे नाव चिकटवून त्याच्यावर चालून जाणे किती सोपे होते, हे मराठी इतिहास वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

माणसांच्या बाबतीतही हेच. रूसोला आपण सर्रास फ्रेंच विचारवंत म्हणतो. तो स्वतः आपल्या नावापुढे अभिमानाने ‘जिनिव्हाचा नागरिक’ असे लिहीत असे, आणि जिनिव्हा तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. चंडीगडचा आराखडा करणारा ल कॉर्बुझिए जन्माने स्विस, फ्रेंच नागरिक झाला तो १९३० मध्ये. उलट पुद्दुचेरीत आजही अशी तमिळ कुटुंबे आहेत ज्यांच्याकडे फ्रान्सचा पासपोर्ट आहे आणि जी फ्रान्सच्या अध्यक्षपदासाठी मत देतात. १९५४ मध्ये तिथला कारभार भारताकडे आला, १९६२ मध्ये हस्तांतर कायद्याने पुरे झाले, आणि तेव्हा ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडले त्यांची ही पुढची पिढी. त्यांच्या घरी सांबार होते, आणि कागदोपत्री ते पुरेपूर फ्रेंच आहेत. भाषेचे म्हणाल तर फ्रेंच बोलणाऱ्यांचे सर्वांत मोठे शहर आता पॅरिस नाही, काँगोची राजधानी किन्शासा आहे. तिथल्या लेखकाला ‘फ्रेंच लेखक’ म्हणणे म्हणजे एखाद्या नायजेरियनाला इंग्रज म्हणण्यासारखे होईल. ‘फ्रेंच भाषेत लिहिणारा’ एवढे म्हटले की काम होते, आणि मथळ्यात जागाही फार जात नाही.

शेवटी बातम्यांच्या टेबलासाठी एक. आपला ‘ॲपल’ उपग्रह १९८१ मध्ये ज्या कुरू तळावरून आकाशात गेला, तो तळ फ्रेंच गयानात आहे. तिथून आपले पुढचेही अनेक उपग्रह सुटले, आणि दर वेळी मराठी बातम्यांत फ्रेंच गयाना ‘या देशातून’ असे वाचायला मिळते. फ्रेंच गयाना हा देश नाही. दक्षिण अमेरिकेत असला तरी १९४६ पासून तो फ्रान्सचा प्रांत आहे, तिथे युरो चालतो, आणि फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा कुणाशी असे विचारले तर उत्तर ब्राझील असे येते. तेव्हा तिथून उपग्रह सुटला की बिनदिक्कत ‘फ्रान्सच्या हद्दीतून’ लिहा. पुलाची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
गिरगाव, मुंबई