राडारोड्याच्या खडीला निविदेत जागा द्या : बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

मा. बांधकाममंत्री,
स. न. वि. वि.

नदीतल्या वाळूवर बंदी आली की उपसा रात्री सुरू होतो. गरज काही कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगाला वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी लागते. वाळवंटातली वाळू काँक्रीटला चालत नाही, कारण वाऱ्याने घासून तिचे कण गोल आणि फार बारीक झालेले असतात. समुद्राच्या वाळूतले क्षार नीट धुतले नाहीत तर सळई गंजते. खडीपुरता एक साठा मात्र हाताशी आहे : पाडलेल्या इमारतींचा राडारोडा. भारताच्या आयएस ३८३ या मानकाने २०१६ मध्येच एम २५ पर्यंतच्या (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणाऱ्या) आरसीसीत जुने काँक्रीट फोडून केलेली २० टक्के खडी मान्य केली. पण निविदेत तिची बाबच नसेल तर ठेकेदार ती कशाला घेईल?

नुसते नाव घालूनही भागणार नाही. या खडीला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. हिशेब बघा. घनमीटर काँक्रीटला ११०० किलो खडी, त्यातली २० टक्के म्हणजे २२० किलो राडारोड्याची. शोषण ५ टक्के धरले तर कोरडी खडी ११ लिटर पाणी ओढून घेते. मिक्सरमधून ठीक निघालेला माल ओतेपर्यंत घट्ट होतो, मग कोणीतरी पाण्याचा पाइप धरतो. ३६० किलो सिमेंटला १८० लिटर पाणी ठरलेले. वर ३० लिटर पडले, तर ते ११ लिटर वजा जाऊनही पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० वरून ०.५५ वर जाते. पाणी वाढले की ताकद घटते. २८ दिवसांनी क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) नापास, आणि खापर राडारोड्यावर.

म्हणून कलमातच लिहा : खडी आदल्या दिवशी भिजवून निथळलेली हवी, ओलावा रोज मोजून मिक्सरचे पाणी बदलावे, स्लंप (ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचे माप) कमी पडल्यास पाणी नव्हे, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) वापरावा. या कामांचा दरही वेगळा द्या. फुकटात कोणी करत नाही.

पाडकामाच्या निविदेत जिप्समचे बोर्ड आणि प्लास्टर आधी उतरवण्याची अट हवी. त्याचा चुरा खडीत गेला की चाळणीने निघत नाही, आणि त्यातल्या सल्फेटमुळे काँक्रीट पुढे फुगून तडकते. पाडकामाची मुदत आठवड्याने वाढेल. वाढू द्या.

सुरुवात पदपथ, गटारे, कुंपणभिंती यांपासून व्हावी. पुलाच्या प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये (ताणलेल्या पोलादी तारांनी आधीच दाब दिलेल्या तुळईत) ही खडी घालायचा प्रस्ताव आला, तर आज आम्हीही त्याला विरोधच करू.

आपले,
बांधकाम साहित्य तपासणीतील अभियंते