आर्वीच्या घड्याळवाल्या काकाजींचे जाहीर आभार

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

शेजारच्या काकूंच्या पाच रुपयांच्या जुन्या, जाड नाण्याला मोबाईलवर कोणीतरी दोन लाख देऊ केले होते आणि आधी 'नोंदणी'चे पैसे मागितले होते. तुम्ही हातातलं घड्याळ बाजूला ठेवून ते नाणं भिंगाखाली धरलंत. काकूंचे पैसे वाचले आणि मला आयुष्यभराची नजर मिळाली.

"नाणं वेगळं दिसते का, हे नको पाहू. धातू कुठून कुठं गेला, ते पाह," असं तुम्ही म्हणालात.

त्या नाण्याची कड अर्धचंद्रासारखी गेलेली होती; ती टाकसाळीतच चुकली की नंतर कुणी कापली, एवढंच पाहायचं होतं. टाकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच कापणी होते आणि चकतीला तेवढा तुकडा कमी पडतो. मग कड वळवताना त्या बाजूने दाबच मिळत नाही, म्हणून बरोबर समोरची कडही बहुधा पुसट उठते. काकूंच्या नाण्याची समोरची कड ठसठशीत होती, आणि तुटक्या जागी कानशीचे ओरखडे; म्हणजे कड नंतर कुणीतरी घासलेली. वजन ९ ग्रॅमच्या खाली भरलं, पण ते दोन्ही प्रकारांत भरणारच, हेही तुम्हीच दाखवलंत.

रेषांचं तुम्ही समजावलेलं तर मी कधीच विसरणार नाही. नाणं छापायच्या ठशाला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच येते. खिळ्याने ओढलेली रेघ खोल जाते, आणि नांगराच्या तासाला माती पडते तसा तिच्या काठाला धातू उठतो. उलटी अक्षरं दिसली की लोक हुरळतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्यावर त्याची उलटी, खोलगट छाप स्वच्छ उमटते. नंतर कुणी दोन नाणी पकडीत दाबली, तर उलट्या अक्षरांखाली मूळ नक्षी चेपलेली सापडतेच. वावरात सापडलेलं, मातीने खाल्लेलं पातळ नाणं हे तर निव्वळ झिजलेलं नाणं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलंय की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. गावात हे सांगितलं तर लोक ऐकून घेतात. पण भिंगातून कानशीचा ओरखडा दाखवला की त्यांना पटतं, आणि ते दाखवणं मला तुमच्यामुळे जमतं.

परवा चिल्लरमध्ये दोन रुपयांचं एक नाणं मिळालं. आडवं उलटलं की मागची बाजू तिरपी येते, आपली नाणी तर दोन्हीकडून सरळ दिसायला हवीत. दोन नाणी कापून जोडली असावीत म्हणावं, तर कडेला कुठे सांधा दिसत नाही. पुढच्या बाजाराला घेऊन येतो, तुमच्या भिंगाखाली पाहू.

तुमचा ऋणी,
बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसणारा पोरगा