अंदाजपंचे भंडारी

मा. संपादक,
स.न.

जहाजांवरच्या स्वयंपाक्यांविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. 'पूर्वीचे भंडारी अंदाजपंचे रांधत, आता प्रमाणित शेफ आले' हे वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचले. (भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी.) मी ३१ वर्षे अंदाजपंचे रांधले आणि पंचवीस-पंचवीस माणसे ते जेवून धडधाकट घरी गेली. योगायोगच म्हणायचा.

प्रमाणपत्र नको, असे माझे म्हणणे नाही. पण त्यात नवल कसले? जहाजावरच्या आचाऱ्याची रांधण्याची परीक्षा घ्यावी, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४६ सालीच ठरवले होते. त्याच संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार आपल्याकडे २०१५ मध्ये मान्य झाला आणि आमची धावपळ सुरू झाली. मी नुकताच साइन ऑफ करून, म्हणजे जहाजावरची फेरी संपवून, घरी आलो होतो. एजंट म्हणाला, "काका, सर्टिफिकेट नसेल तर चीफ कुकची जागा विसरा." पन्नाशीत मुंबईला जाऊन मिसरूड फुटलेल्या पोरांशेजारी बाकावर बसलो. व्हाइट सॉस करून दाखवला. फ्रीजर उणे १८ वर का, कच्ची कोंबडी खालच्याच फळीवर का, तेही सांगितले. प्रश्न रास्तच होते. पण तिथली शेगडी जागची हलत नव्हती हो!

युरोपजवळच्या बिस्केच्या उपसागरात जहाज या कुशीवरून त्या कुशीवर लोळत असताना भात कसा लावायचा, हे कोणी विचारले नाही. पातेले अर्धेच भरायचे, शेगडीवरच्या लोखंडी पट्ट्यांत घट्ट अडकवायचे आणि तेलाची कढई चढवायचीच नाही, हे मला दाभोळच्या एका चौथी शिकलेल्या भंडाऱ्याने शिकवले. हॉटेलचा डिप्लोमा असलेल्या माझ्या एका सेकंड कुकने तशा हवेत हट्टाने पुऱ्या तळायला घेतल्या. कोपरापर्यंत भाजला. पुढच्या बंदरात त्याला उतरवावे लागले, आणि त्याचे काम नोकरीची मुदत संपेपर्यंत अस्मादिकांनी ओढले.

आणखी एक. किमान १० माणसेही लागत नाहीत अशा जहाजाला प्रमाणित आचारी नसला तरी चालतो, ही सवलत त्याच सागरी करारात आहे. तुमच्या लेखात तिचा उल्लेखही नाही. माझा पुतण्या अशाच एका टगवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या लहान बोटीवर आहे. कामाला लागला खलाशी म्हणून, पण दोरखंड सोडून आठ जणांची आमटी ढवळतो. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छतेचे शिक्षण द्यावे, असे करार म्हणतो. पुतण्याला ते कोणी दिले? "बाजूच्या डब्यात हळद आहे," एवढेच सांगितले गेले. त्याच्यावर लिहा की एक लेख.

जाता जाता : तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळा छापणे का बंद केले? राशिभविष्य मात्र अर्धे पान आहे.

आपला,
एक निवृत्त भंडारी, ता. रत्नागिरी